दारी कोण उभा

रामनवमीच्या सकाळी राजसबाईंनी पानकाच्या पातेल्यात बोट बुडवून चाखलं, गूळ कमी पडलाय असा निकाल दिला, आणि त्याच दमात सुनंदाला बजावलं की कोपऱ्यातल्या तंबोऱ्याला आज कोणी हात लावायचा नाही.

नैवेद्याआधी चाखणं या घरात फक्त राजसबाईंना माफ होतं. पंचवीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून लग्न होऊन सुनंदा तमिळ मुलखात, नुंगंबाक्कमच्या या घरात आली, तेव्हा पहिल्याच रामनवमीला हे पाहून तिने तोंडावर हात ठेवला होता. नवऱ्याच्या या आत्याबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "भिल्लिणीनें बोरं चाखून दिलीं, रामानें खाल्लीं कीं नाहीं? मग माझ्या बोटानें काय केलें गे?" तेव्हापासून दर वर्षी पानक उष्टंच रामापुढे जायचं. रामाची तक्रार आली नव्हती. सासऱ्यांना, म्हणजे आत्याबाईंच्या धाकट्या भावाला, व्यंकोबांना, हे ठाऊक नव्हतं एवढंच.

"हात का नाही लावायचा?" सुनंदाने विचारलं.

"त्यांत तंबोरा नाहीं म्हणून."

सुनंदा उठली आणि तिने गवसणी चाचपली. लाल खणाची, जरीच्या काठाची, सासूबाईंनी हयातीत शिवलेली गवसणी. आत भोपळा लागला नाही. काहीतरी चपटं, टणक होतं. तिला सगळं समजलं, आणि ती मुकाट्याने येऊन गूळ किसायला बसली.

"ह्यांना माहीत आहे?"

"राघोत्तमानेंच घातली. मी सांगितलें, त्यानें घातली."

पन्नाशीला आलेला आपला नवरा आत्याच्या सांगण्यावरून वडिलांना फसवतो आहे, हे सुनंदाला भयंकर वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात तिला हसू येत होतं, आणि ते लपवायला तिने गुळाचा आणखी एक खडा घेतला.

गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची, त्र्याऐंशी सालची. व्यंकोबांच्या घराण्याच्या कीर्तनात शेवटी एक जयजयकार असायचा. चिपळ्या उंच धरून बुवा विचारायचे, "दारीं कोण उभा?" सगळी सभा म्हणायची, "राम उभा!" तीनदा विचारायचं, दर वेळी सूर एक पायरी वर, आणि तिसऱ्या उत्तराला माणसं आपोआप उभी राहायची. गुडघेदुखीवालेसुद्धा. चाल व्यंकोबांच्या पणजोबांची, तंजावरहून घराण्याबरोबर आलेली. व्यंकोबा एग्मोरला रेल्वेच्या कचेरीत फायली लावून घरी यायचे, पाय धुऊन पहिली तीच म्हणायचे. राघोत्तम त्याच चालीवर हार्मोनियम शिकला.

मग तो कोडंबाक्कमच्या सिनेमा-स्टुडिओत गिटार वाजवायला लागला. एका सिनेमात प्रसंग होता की बंद पडलेल्या गिरणीच्या फाटकावर कामगार जमतात. संगीत दिग्दर्शकाला विलायती धाटणीचं, भिंती हलवून सोडणारं रॉक गाणं हवं होतं आणि दुपारपर्यंत काही जमेना. जेवणाच्या सुट्टीत राघोत्तमने, कोणी नाही असं पाहून, आवाज फाटेपर्यंत ॲम्प्लिफायर उघडला आणि वडिलांचा जयजयकार तारांवर घेतला. दिग्दर्शक दहीभाताच्या हाताने धावत आत आला. गाणं लिहिणाऱ्याने अर्थ विचारला. राघोत्तमने सांगितला. संध्याकाळपर्यंत गाणं रेकॉर्ड झालं: एक गळा घोगरा ओरडून विचारतो, फाटकावर कोण? आणि पन्नास गळे तमिळमध्ये उत्तर देतात, "नांगदान." म्हणजे, आम्हीच.

सिनेमा अकरा दिवस चालला. नायक कोण होता हे आता विचाराल तर घरात कोणाला आठवत नाही. गाणं मात्र थिएटरातून बाहेर पडलं ते परत आत गेलंच नाही. आधी कॉलेजच्या संपात ऐकू आलं. मग क्रिकेटच्या मैदानावर, जिथे एक गॅलरी विचारायची आणि समोरची उत्तर द्यायची. एका वर्षी देवळाचा रथ कोपऱ्यावर अडकला, तेव्हा दोर ओढणाऱ्यांनी ते म्हटलं आणि रथ हलला. पूर्ण गाणं फारच थोड्यांना येत होतं. यावं लागतच नव्हतं. कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं, बास. सुनंदाच्या बँकेच्या फाटकावर युनियनची सभा झाली तेव्हा पदर खोचून, मूठ वर करून ती स्वतः तीन वेळा "नांगदान" म्हणाली होती, आणि घरी येऊन घसा बसल्याचं खापर आइस्क्रीमवर फोडलं होतं.

व्यंकोबांनी ते ऐकलं एग्मोर स्टेशनवर, कॉफीच्या स्टॉलच्या रेडिओवर. पेला तसाच ठेवून घरी आले. चिपळ्या देवापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "उष्टें झालें. देवाला आतां हें चालणार नाहीं." त्या दिवसापासून जयजयकार बंद. त्या जागी दुसरी, साधी चाल आली. तिला कोणी उभं राहत नसे. राघोत्तमला कोणी रागावलं नाही, फक्त हार्मोनियमला कुलूप लागलं. बापलेक एका घरात राहिले, एकमेकांना पेपर दिला, औषधं आणली. गाण्याचा विषय मात्र दोघांमधून उठून गेला.

आणि कीर्तनाची माणसं कमी होत गेली. गेल्या रामनवमीला एकोणीस. त्यात दोघं झोपलेली. एग्मोरच्या हॉलमध्ये हे कीर्तन भरवणाऱ्या मित्रमंडळाचे सेक्रेटरी उमाकांत सबनीस, संरक्षण खात्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झालेले, मोजणीत पक्के. त्यांनी यंदा अतिशय सभ्यपणे सांगितलं होतं की पन्नास डोकी दिसली तर पुढल्या वर्षी कीर्तन, नाहीतर बाराचा जन्मोत्सव भावगीतांच्या कॅसेटवर करू, लोकांना आवडेल. व्यंकोबा "बरें" म्हणाले होते. त्या रात्री ते जेवले नव्हते.

पन्नासाची तजवीज सुंदरीने केली. राघोत्तम-सुनंदाची ही मुलगी श्रीपेरुंबुदूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात लाइन सुपरवायझर होती. तिच्या शिफ्टच्या बत्तीस मुली तेच गाणं म्हणत रोज बसने कामावर जात. त्यांना तिने सांगितलं, त्या गाण्यात गिटार वाजवणारा माणूस रविवारी एग्मोरला येणार आहे, तो माझा बाप आहे, आणि गाणं ऐकायला मिळेल. आजोबांना तिने सांगितलं, माझ्या मैत्रिणी फार भाविक आहेत. दोन्ही वाक्यांत थोडं थोडं खरं होतं.

*

हॉलच्या मागच्या भिंतीशी, ताकाच्या हंड्यांजवळ, राघोत्तम उभा होता. पंधरा वर्षं त्याची जागा तीच होती. आज मात्र गवसणी स्टेजवर, आत्याच्या शेजारी टेकवलेली होती, आणि छोटा ॲम्प्लिफायर फुलांच्या टोपलीखाली होता. आत्या म्हणाली होती, वाजवायचं नाही, नुसतं तयार राहायचं. कशासाठी ते तिने सांगितलं नव्हतं.

साडेदहाला बस आली. बत्तीस मुली चपला काढून, मोगरा माळून, रांगेने आत बसल्या. सबनीसांनी दोनदा मोजलं. सत्तावन्न. पुन्हा एकदा मोजलं, खांबाआडची म्हातारी धरून अठ्ठावन्न.

व्यंकोबा उभे राहिले. पगडी, उपरणं, बुक्का. समोर भरलेली सभा पाहून त्यांनी उपरणं सावरलं आणि नमन धरलं. किती तरी वर्षांनी मागच्या भिंतीपर्यंत माणसं होती. चौऱ्याहत्तरावं चालू होतं, वरचा सूर हल्ली दगा द्यायचा, पण आज त्यांनी पूर्वरंग मन लावून केला. मुलींना मराठी कळत नव्हतं हे ध्यानात येताच मधे मधे तमिळ घातलं. त्या हसल्या, तेव्हा व्यंकोबांना वाटलं, रामरायाला आपली दया आली. सुंदरीच्या मैत्रिणी खरंच भाविक आहेत.

एक मुलगी मात्र सारखी मागे वळून राघोत्तमकडे बघत होती. मग दुसरी. मग रांगच्या रांग. ते पाहून राघोत्तमने ताकाची पळी उचलली आणि उगीच ढवळायला घेतलं.

पूर्वरंग संपला, बुवांना हार घालायची वेळ झाली. हार घालायला सबनीस आले. हार घालता घालता मोठ्या मनाने म्हणाले की गर्दी झाली, आनंद आहे, पुढल्या वर्षीचं पक्कं. आणि सिनेमाच्या गाण्याचं आमिष दाखवून का होईना, नातीने आजोबांसाठी केलं हे विशेष. त्यांना बसच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं.

व्यंकोबांनी गळ्यातला हार काढून सबनीसांच्याच हातात ठेवला आणि ते स्टेजमागच्या खोलीत गेले.

*

घड्याळात अकरा चाळीस झाले होते. खोलीत सतरंज्यांच्या गुंडाळ्या आणि मोडका पंखा. व्यंकोबा एका गुंडाळीवर बसले होते, पगडी मांडीवर. आधी सुंदरी गेली, रडून बाहेर आली. राघोत्तम दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग राजसबाई सुनंदाचा हात धरून आत आल्या, आणि हातातली झांज न ठेवताच समोर बसल्या.

व्यंकोबा म्हणाले की ते आता कीर्तन करणार नाहीत. लोक ज्यासाठी आले ते ऐकवा आणि मोकळे व्हा. भाड्याने आणलेल्या भक्तीपुढे उभं राहायचं त्यांचं वय उरलेलं नाही.

"वीस मिनिटांत राम जन्मायचा आहे," राजसबाई म्हणाल्या. "तूं रुसून बसलास तर कौसल्येनें काय करावें?"

व्यंकोबांचं पगडीवरून फिरणारं बोट थांबलं. अर्धं कीर्तन टाकून उठणं त्यांच्या घरात झालं नव्हतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"चाल उष्टी झाली म्हणतोस. कोणाची चाल ती?"

"पणजोबांची. सगळ्यांस ठाऊक आहे."

"आणि त्यांनी कुठून आणली?" राजसबाईंनी उजव्या कानातली कुडी चाचपली. "तुला आईनें सांगितलें नाहीं, लहान होतास. तंजावरला राजवाड्यांत इंग्रजी बँड होता. पितळेची मोठमोठीं वाद्यें, लाल कोट. पणजोबा रोज भिंतीपलीकडे उभे राहून ऐकत. तिथून ती चाल उचलली त्यांनी. गोऱ्यांच्या कवायतीची चाल. धुऊन, सोवळें नेसवून देवापुढें आणली. मग राघोत्तमानें ती परत विजेवर चढवली तर त्यांत काय बुडालें?"

व्यंकोबांनी मान वर करून बहिणीकडे पाहिलं. सुनंदानेही पाहिलं. ही गोष्ट पंचवीस वर्षांत तिने एकदाही ऐकली नव्हती.

मग सुनंदा बोलली. सासऱ्यांशी ती फारशी बोलत नसे; आज बोलली. "मामंजी, एक सांगू? रागावू नका. मी या घरात आल्यापासून रामापुढे जे पानक ठेवतो, ते आत्याबाईंनी आधी बोट घालून चाखलेलं असतं. दर वर्षी. आजचंही."

राजसबाई म्हणाल्या, "अय्यो, हें सांगायचें होतें काय गे?"

"आणि तुम्हीच दर वर्षी भिल्लिणीच्या बोरांवर सांगता, की रामाने उष्टं पाहिलं नाही, देणाऱ्याचा हात पाहिला. मी ते ऐकून ऐकून पाठ केलंय. बँकेच्या फाटकावर मीही ते गाणं म्हटलंय. घसा बसला होता तेव्हा. आइस्क्रीम खाल्लं नव्हतं मी."

खोलीत पंख्याचं एक पातं उगीच हललं. व्यंकोबांनी पानक उष्टं असल्याची बातमी आधी पचवली. चेहऱ्यावरून दिसलं की गाण्यापेक्षा ही पचायला जास्त वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, बँकेच्या फाटकावर लोक ते बसून म्हणतात की उभे राहून.

"उभे राहून," सुनंदा म्हणाली. "तिसऱ्यांदा तर पायच राहत नाहीत जमिनीवर."

व्यंकोबांनी पगडी उचलून डोक्यावर ठेवली. ठेवताना ती वाकडी बसली. सुनंदाने सरळ केली.

*

अकरा पंचावन्न. आख्यान फार आवरतं घ्यावं लागलं. व्यंकोबांनी अयोध्या सजवली, नौबत वाजवली, राण्यांना महालात नेलं. पाळण्याची दोरी हातात घेऊन चार बायका उभ्या होत्या. मुली जांभया देत होत्या. रात्रपाळी करून आलेल्या, बिचाऱ्या. सबनीस घड्याळ बघत होते.

व्यंकोबा थांबले. चिपळ्या वर गेल्या. पंधरा वर्षं बंद असलेली चाल त्यांनी हलक्या, थोड्या कापऱ्या आवाजात उचलली.

"दारीं कोण उभा?"

पहिल्या रांगेतल्या तीन म्हाताऱ्यांना इतक्या वर्षांनी काय करायचं ते पटकन आठवेना. त्यांचं "राम" ओठांवर येईपर्यंत मागून बत्तीस गळे, एका सुरात, झोपेतून खडबडून जागे झाल्यासारखे कडाडले, "नांगदान!"

सभा गार पडली. सबनीसांनी डोळे मिटले. सुंदरीने ओढणी तोंडात धरली. मुलींनाही कळलं की आपलं काहीतरी चुकलं, आणि त्या बसल्या जागी आक्रसल्या.

व्यंकोबा चिपळ्या वर धरून तसेच उभे होते. राघोत्तमने वडिलांना किती तरी कीर्तनांत पाहिलं होतं. आडवा प्रश्न आला, दिवा विझला, पोर रडलं, तर त्याचा धागा करून विणायचं हे त्यांचं कसब होतं. पण आज त्याला खात्री नव्हती.

"बरोबर सांगितलें पोरींनी," व्यंकोबा तमिळमध्ये म्हणाले, मग मराठीत. "आज राजवाड्याच्या दारीं कोण उभें असेल? राम तर अजून जन्मला नाहीं. दारीं उभी आहे अयोध्या. कुंभार, कोष्टी, रात्रभर जागून काम करून आलेल्या बायका. आम्हीच उभे आहों, दार उघडा, आमचा राम आम्हास द्या. आधीं ते उभे, मग राम. बरोबर."

त्यांनी मागे वळून न बघता डावा हात गवसणीकडे केला. "राघोत्तमा, तंबोरा लाव."

राघोत्तम ताकाजवळून हलेना.

"गवसणी काढ बाळा. सकाळीं रिक्षांत चढवतांना मीच धरली होती. भोपळा नाहीं त्याला, एवढें मला कळतें."

राजसबाई झांजेकडे बघत राहिल्या. राघोत्तम अठ्ठावन्न माणसांमधून वाट काढत, ताकाचा हात धोतराला पुसत स्टेजवर आला. त्याच्या आईच्या हातचा लाल खण उतरला. फुलांची टोपली बाजूला झाली, आणि सबनीसांना पहिल्यांदा समजलं की सकाळपासून ते जिच्यातली फुलं उचलत होते तिच्याखाली काय होतं.

"दारीं कोण उभा?" व्यंकोबांनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि पाठोपाठ गिटारने तो प्रश्न उचलून भिंतींवर आपटला. म्हाताऱ्या म्हणाल्या "राम उभा", मुली म्हणाल्या "नांगदान", आणि दोन्ही उत्तरं एकाच मात्रेत नीट बसली.

तिसऱ्या वेळी सूर वर न्यायचा होता. व्यंकोबांचा आवाज तिथवर पोचला नाही, चिरकला. गिटार पोचली. तिने तो सूर म्हाताऱ्याच्या हातून घेतला आणि वर ठेवला. सगळी सभा उभी राहिली. खांबाआडची म्हातारी उभी राहिली. उमाकांत सबनीस हातातल्या हारासकट उभे राहिले, आणि त्यांनी कोणतं उत्तर दिलं यावर मंडळात पुढे बरेच दिवस वाद होता. सुनंदा त्यांच्या शेजारीच होती, तिने ऐकलं, पण तिने कोणाला सांगितलं नाही.

बाराला पाळणा हलला. गुलाल उडाला. थोडा गिटारवर पडला. तो राघोत्तमने पुढे कधी पुसला नाही.

*

सुंठवडा आणि पानक वाटून झालं. पानकाचा पहिला पेला व्यंकोबांनी स्वतः मागून घेतला, राजसबाईंकडे बघत प्यायले आणि म्हणाले, गूळ बेताचा आहे. मग ते व्हरांड्यात मुलींच्या घोळक्यात जाऊन बसले. बस लागली होती, पण कोणी उठत नव्हतं.

सुनंदा आत पातेली आवरत होती. तिने हळूच विचारलं, "आत्याबाई, तो बँड. पणजोबा खरंच भिंतीपलीकडे उभे राहायचे?"

राजसबाईंनी बोटावरचा सुंठवडा चाटला. "काय कीं गे. मी थोडीच पाहिलें पणजोबांस? आमचें घर राजवाड्यापासून आठ कोस होतें."

"म्हणजे?"

"राम जन्मायचा होता. वीस मिनिटें होतीं."

व्हरांड्यातून व्यंकोबांचा आवाज आला. रंगात आले होते. तमिळमध्ये सांगत होते, ही चाल मुळात तंजावरच्या राजवाड्यातली. लाल कोटातले चाळीस वाजवणारे, पुढे पितळी कर्णे, त्यांच्या पुढे झूल घातलेला हत्ती, आणि या चालीवर तो हत्ती बरोबर तिसऱ्या सुराला सोंड उचलायचा. पणजोबांनी स्वतः पाहिलेलं. मुली आ वासून ऐकत होत्या. शेजारी राघोत्तम मांडीवर गिटार घेऊन बसला होता आणि मान डोलवत होता, जणू लहानपणापासून हेच ऐकत आला आहे.

राजसबाईंनी झांजेची दोरी गुंडाळता गुंडाळता कान दिला. मग त्या सुनंदाकडे झुकून म्हणाल्या, "हत्ती मात्र मी नव्हता घातला."